उलटं केलेलं उत्तर

पेनातली स्प्रिंग टेबलावर पडली, जराशी घरंगळली आणि वहीच्या कडेला टेकून थांबली — एवढीशी, पण डोळ्यांजवळ धरली की तिच्यात वेढ्यामागून वेढे, सगळे एकाच बाजूला वळलेले... कुठल्या बाजूला? शिवलीलाने ती चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली. उलटी धरली तरी वेढे मघासारखेच वळलेले दिसत होते. असं कसं? वस्तू उलटी केली तर तिच्यातलं काहीतरी उलटं व्हायला हवं की नको? तिला ही स्प्रिंगची लबाडी वाटली, आणि सकाळी सकाळी आपण एका स्प्रिंगवर चिडलोय हे लक्षात आल्यावर स्वतःचाही राग आला. पेन उघडायचं तसं काही कारण नव्हतं. गणित अडलं की ती पेन उघडते, त्याचे भाग समोर मांडते, पुन्हा जोडते, आणि तेवढा वेळ अभ्यासात धरते.

बाहेर काकूंची धावपळ चालली होती. आज पाण्याचा दिवस. जुळे सोलापुरात पाणी येण्याच्या दिवशी घरातलं कुणी झोपत नाही आणि कुणी कुणाशी धड बोलतही नाही; पिंपं, कळश्या, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवतात. बसवराजकाका — ज्यांच्या घरी ती शिकायला राहिली होती ते तिचे सख्खे काका — जिन्याखाली मोटरपाशी वाकून उभे होते. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"शिवे, जरा हिकडं ये गं. ही मोटर नुसती गुरगुरती, पाणी काय उचलंना. बघ की काय झालंय. एवढं विजेचं शिकतीस."

शिवलीला गेली आणि तिने बघितलं. खरोखर नुसतं बघितलं. तिला एवढंच माहीत होतं की चुंबकीय क्षेत्राच्या रेषा कुठे सुरू होत नाहीत आणि कुठे संपत नाहीत, त्या फिरून आपल्यापाशीच येतात. आणि एवढं ज्ञान घेऊन पाण्याच्या मोटरसमोर उभं राहणं फार अवघड होतं. शेवटी काकांनी वैतागून मोटरला एक चापट मारली. मोटर सुरू झाली. "तू आलीस म्हणून भ्याली बघ ती," काका म्हणाले आणि खूश होऊन वर टाकी बघायला गेले. तीही हसली. हसता हसताच तिला आठवलं, आज गुरुवार होता.

गुरुवारी ट्युटोरियल. एम. एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझमचा पेपर — मुलं नुसतं ई-एम म्हणतात — आणि तो शिकवणारे बिराजदार सर, मऊ बोलणारे, वर्गात येताना दारातच चप्पल झटकणारे. दर आठवड्याला ते गणितांचा एक कागद देतात आणि पुढच्या आठवड्यात तो सोडवून घेतात. शिवलीलाचा एक कागद द्यायचा राहिला. त्याच्यापुढचा त्याच्यावर आधारलेला, म्हणून तोही राहिला. मग एकदा अशी वेळ आली की वर्ग एका ठिकाणी आणि ती दोन धडे मागे. ती धावत तिथवर पोचेपर्यंत वर्ग आणखी पुढे. बस सुटलेली दिसत असते, कंडक्टरही ओळखीचा असतो, पण बस काही थांबत नाही... मागच्या गुरुवारी सगळे गेल्यावर सरांनी तिला थांबवून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे बघ शिवलीला, मागचे कागद आता मी मागत बसत नाही. एकच गणित देतो तुला. पुढच्या वेळी ते फळ्यावर कर, स्वतःचं स्वतः. मी तेवढंच धरतो. पण तेही नाही झालं, तर मला अंतर्गत गुणांच्या रकान्यात काही लिहिता येणार नाही बघ."

रकाना रिकामा म्हणजे पेपर गेला, पेपर गेला म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष तिचं नव्हतंच मुळी. ते अप्पांनी, तिच्या वडिलांनी, दिलेलं होतं. अक्कलकोटच्या पुढे, गावातल्या किराणा दुकानात, गिऱ्हाइकाला गूळ बांधून देता देता अप्पा म्हणाले होते, "येक वर्स बघू. निघालं तर म्होरचं. न्हाय निघालं तर दुकान हाय की आपलं." त्यात धमकी नव्हती, टोमणा नव्हता. दुकान खरोखरच होतं. गल्ल्यामागचा तो लाकडी स्टूल, त्याच्यावरची काकूंनी शिवून दिलेली गादी, आणि समोर दिवसभर तोच रस्ता, तीच माणसं, त्यांचं तेच बोलणं — त्या स्टुलाचं तिला भय वाटायचं. त्याच्यावर बसलं की फार आराम वाटतो, हे तिला माहीत होतं. सुट्टीत ती बसली होती. म्हणून तर भय.

ती परत टेबलाशी आली. गणित दिसायला गरीब होतं. एक चौकोनी तार, तिच्यातून प्रवाह फिरतोय, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. चौकोनाच्या बरोबर मध्यावर, जरा उंचीवर, एक बिंदू. त्या बिंदूपाशी चुंबकीय क्षेत्र किती, आणि कुठल्या दिशेला? किती, हे तिने काढलं होतं. फोनवर व्हिडिओतला तो भराभरा हिंदीत शिकवणारा माणूस पुन्हा पुन्हा थांबवून, मागे नेऊन, रडकुंडीला येऊन, पण तिने स्वतः काढलं होतं — चार बाजूंचे चार वाटे, आडवे एकमेकांना खाऊन टाकतात, उभे तेवढे उरतात. हे जेव्हा कळलं तेव्हा ती काकूंना जाऊन उगाचच मिठी मारून आली होती. आता राहिली दिशा. वर की खाली, अधिक की वजा. दिशेला आकडेमोड लागत नाही, हात लागतो. उजव्या हाताची बोटं प्रवाह फिरतो तशी वळवायची आणि अंगठा जिकडे उभा राहील तिकडे क्षेत्र. परीक्षेत सगळा वर्ग हात हवेत धरून बोटं वळवत बसलेला असतो.

उजवा हात. तिची पंचाईत इथेच होती.

ती जन्माची डावरी. चमचा, खडू, झाडाची फांदी, काहीही समोर आलं की डावा हात आधी निघायचा, आणि आई, गुरम्मा, तो अलगद धरून खाली ठेवायची. गुरम्माने पोरीवर हात उगारला असं कधी झालं नाही. "ह्यो हात देवाच्या बसायचा हाय गं," ती म्हणायची. "ह्यानं खायाचं न्हाय, ह्यानं कुनाला काय द्यायचं न्हाय." त्यांच्या लिंगायत घरात सगळ्यांचंच तसं: सकाळी आंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, डोळ्यांसमोर धरायचं, विभूती, पाणी, बेलाचं पान वाहायचं ते उजव्या हाताने. म्हणजे तिचा डावा हात वाईट म्हणून बंद झाला नाही. त्याला इतका मान मिळाला की काम उरलं नाही. ती उजव्याने खायला शिकली, उजव्याने लिहायला शिकली, अक्षरही असं आलं की बाई इतर पोरींना दाखवायच्या. पण डोळे मिटून नुसतं 'हात' म्हटलं की जो दिसतो — तळहात वर, स्थिर, चेहऱ्यासमोर धरलेला — तो डावाच राहिला. रोज सकाळी ज्याच्याकडे एवढं टक लावून बघायचं, तो सोडून दुसरा दिसणार तरी कुठून?

आणि मग सर म्हणतात, बोटं वळवा... की तिच्या मनातला तो हात बोटं वळवतो आणि अंगठा जायला नको तिकडे जातो. खरा हात वर करावा तर उजव्यात पेन, रिकामा असतो तो पुन्हा डावाच. उजवा कुठला हे ठरवायला तिला आधी देव कुठे बसतो ते आठवावं लागतं, मग उरला तो उजवा. आणि एवढं होईपर्यंत सरांनी फळा पुसलेला असतो. हे कुणाला सांगणार? एम. एस्सी.ला आलेल्या मुलीने उजवा हात सापडत नाही असं सांगायचं? ज्यांना डेल आणि कर्लसारखं गणित कळत नाही त्यांच्यासाठी निदान पुस्तकं आहेत. माझ्यासाठी कुठलं पुस्तक असेल?

पहिल्या चाचणीत तिची आकडेमोड बरोबर आली आणि दिशा झाडून सगळ्या उलट्या. सरांनी प्रत्येक उत्तरापुढे लाल शाईने 'चिन्ह?' एवढंच लिहिलं होतं. बाकावर शेजारी बसणारी ऋतुजा तो पेपर बघून खो खो हसली होती. "अगं, सगळंच उलटं येतंय ना तुझं? मग शेवटी उलटं करून टाकत जा की. झालं!" ती गमतीने म्हणाली. शिवलीलाने ती गंमत नियम म्हणून घेतली. वर आलं की खाली लिहायचं, आत आलं की बाहेर, अधिक आलं की एक रेघ ओढून वजा. आणि ते लागू पडलं! पुढच्या चाचणीत एकही 'चिन्ह?' आलं नाही. काकूंच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते कुणी मागे करत नाही. तसंच हे चाललं होतं. हळूहळू ती रीत वहीबाहेरही गेली. आमटीत मीठ बरोबर वाटलं तर ती चिमूटभर आणखी टाकायची. ऋतुजा आपल्यावर रागावलीय असं वाटलं तर तिच्याशी मुद्दाम सलगीने बोलायची. आपल्याला जे वाटतं त्याच्या उलट ते खरं — एवढं एक ती या वर्षात पक्कं शिकली होती, आणि कुठल्याही शिकण्यात असतो तसा थोडा आधार त्यातही होता.

पेन अजून सुटं पडलेलं, म्हणून आज तिचा उजवा हात रिकामा होता. तिने तो वहीतल्या चौकोनावर धरला, सावकाश, लहान मुलीसारखा, आणि बोटं वळवली. अंगठा छताकडे. वर. अधिक. मग तिने पेन जोडलं, अधिकाच्या जागी वजा केलं, उत्तराखाली रेघ मारली आणि वही मिटली. हे करताना तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही. काकूंनी बाहेरून नाष्ट्याला हाक मारली होती आणि ती "आले" म्हणत उठली.

सात रस्ता चौकापर्यंत काकांनी गाडीवरून सोडलं, पुढे विद्यापीठाची बस. पुण्याच्या रस्त्याला लागली की बस मोकळी होते, वारा लागतो, पण फाल्गुनातच तो असा तापलेला की खिडकी लावून घ्यावी की उघडी ठेवावी हे ठरत नाही. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि फोनवर पुढचा धडा उघडला. लोखंडात चुंबकत्व कसं येतं याबद्दल काहीतरी. वर्ग तिथे होता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की आपण मागे पाहिलंच आहे... आणि ती तिथेच अडली. कोण आपण? मागे पाहताना मी होते का तुमच्यात? पुस्तकातलं ते 'आपण' तिला नेहमी एखाद्या लग्नघरातल्या गर्दीसारखं वाटायचं, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि तिला ताट कुणी वाढलेलं नसतं. फोन हातातच वाजला. आई.

"ऊटा आतेन?" आईचं पहिलं वाक्य जेवणाचंच, ते तेवढं कानडीत.

"नाष्टा झाला अव्वा. बसमध्ये आहे."

"आज काय ते परीक्षा म्हनलीस न्हवं?"

"परीक्षा नाही गं. फळ्यावर एक गणित करायचंय. ते झालं की झालं."

"मग करशील की. तुला येतंय."

येतंय. आईला कसं कळतं? आईला यातलं अक्षर कळत नाही, तिला ई-एम म्हणजे वायरमनचं काहीतरी वाटतं, शेजारणीच्या मीटरचं बिल वाढलं तेव्हा तिने शिवलीलाला फोन करून कारण विचारलं होतं — आणि तरी इतक्या सहज म्हणते, येतंय. मला येत नाही, अव्वा. काय येत नाही तेसुद्धा मला येत नाही. मी रोज विद्यापीठात जाते, डबा खाते, सही करते आणि परत येते... पण हे ती बोलली नाही. "बघते," एवढंच म्हणाली. पलीकडे दुकानात कुणीतरी पोहे मागत होतं, आणि आई "बरं, ठेव" म्हणून त्याला पोहे द्यायला गेली.

ट्युटोरियलची खोली पूर्वेची. पंखा गरगर फिरत होता आणि गरम हवाच पुन्हा पुन्हा खाली ढकलत होता. सर शेवटच्या बाकावर जाऊन मुलांमध्ये बसले. फळ्यावर दुसऱ्याला बोलवायचं तेव्हा ते असेच मागे बसतात. "ये," ते म्हणाले. ऋतुजाने बाकाखालून तिचा हात दाबला.

खडू हातात घेतल्यावर पहिली ओळ जरा तिरकी गेली. दुसरी सरळ आली. तिने जमिनीवर आडवा ठेवल्यासारखा चौकोन काढला, बाण काढले, बिंदू काढला, एका बाजूचा वाटा लिहिला, आणि मग एक नवल घडलं — पुढची ओळ तिला आठवावी लागली नाही. मागच्या ओळीतून ती आपोआप निघाली. त्यातून तिच्यापुढची. आडवे वाटे खोडताना तिने मागे न बघताच म्हटलं, "हे समोरासमोरचे एकमेकांना घालवतात," आणि तिचा आवाज खोलीभर गेला, तिचाच, स्वच्छ. हे मी केलंय. हे खरंच मी केलंय. फळा भरत चालला तसं तिला वाटू लागलं की आपण मागे राहिलो ते काही खरं नव्हे, कुणीतरी उगाच तसं सांगितलं होतं, बस थांबलेलीच होती... आणि शेवटच्या ओळीत तिने वजा लिहिलं.

"सुंदर," सर मागून म्हणाले. "आणि दिशा?"

"खाली, सर."

बाकाबाकांवर हात वर झाले आणि बोटं वळू लागली. तेवढ्यावरून तिला कळलं.

"हाताने दाखव बरं," सर म्हणाले.

तिने खडू ठेवला. देव कुठे बसतो — हा. मग हा नव्हे, दुसरा. तिने दुसरा हात वर केला, फळ्यावरच्या चौकोनापाशी नेला, बोटं बाणांच्या दिशेने वळवली. अवघा वर्ग त्या एका हाताकडे बघत होता. लग्नात मेंदी बघतात तसा. अंगठा वर उभा राहिला.

"बरोबर आहे की तुझं," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच कुतूहल होतं. "हात उजवा, बोटं बरोबर, अंगठा वर. मग हे वजा कुठून आलं?"

कुठून आलं... तिने फळ्याकडे बघितलं. एवढी सगळी अक्षरं, एकमेकांतून निघालेली, प्रत्येकीला आपली मागची ओळ माहीत असलेली, आणि त्यांच्या शेवटी ही एक आडवी रेघ, जिला कुणीच नाही. ती कुठल्याच ओळीतून आली नव्हती. खोटं काही सुचेल म्हणून ती थांबली, पण खोटं बोलायलासुद्धा थोडं येत असावं लागतं.

"माझं नेहमी उलटं येतं, सर," ती म्हणाली. "म्हणून मी शेवटी उलटं करते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघं-तिघं. ऋतुजाही हसली आणि मध्येच थांबली, बहुतेक तिला ते आपलंच बोलणं आठवलं. सर हसले नाहीत.

"नेहमी?"

"बहुतेक वेळा."

"आणि ज्या वेळी नाही, त्या वेळी?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती, तो पुन्हा मारत होता, आणि शिवलीलाला त्याच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. सर उठून पुढे आले. डस्टर न शोधता त्यांनी बोटानेच ती रेघ पुसली आणि हात झटकला.

"झालं. बाकी सगळं स्वच्छ आहे. मी हे धरतो. बस."

एवढंच. रकाना भरला, पेपर राहिला, वर्ष राहिलं. ती बाकावर जाऊन बसली तेव्हा दुसरा मुलगा फळ्याशी पोचलेलासुद्धा होता, तिचा चौकोन पुसून. "सुटलीस बाई," ऋतुजा कुजबुजली. शिवलीलाने मान हलवली आणि सुटल्याचा आनंद येण्याची वाट बघत बसली.

तो आला नाही. जेवायच्या सुट्टीत, झाडाखाली डबा उघडून, कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवून ती नुसती धरून बसली. ऋतुजा म्हणाली, "एका रेघेपायी एवढं तोंड पाडून बसलीस! मार्क दिले ना त्यांनी?" दिले. ऋतुजाला कसं सांगायचं की सरांनी पुसलं ते फळ्यावरचं नव्हतं. इतके दिवस आपलं चुकतंय एवढं तरी नक्की होतं. अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसं ती त्या चुकीला हात लावून चालत होती. भिंत होती ती. आता मागची सगळी उत्तरं डोळ्यांसमोर येऊन उभी राहू लागली... त्यातली किती आधीच बरोबर होती? किती वेळा तिने नीट आलेलं हाताने मोडून ठेवलं? जी चाचणी चांगली गेली, ती तरी कशामुळे गेली? आणि वहीबाहेरची? बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगला जावंसं वाटलं नव्हतं, ते. फिजिक्स घ्यावंसं वाटलं, ते. गावाहून निघताना एसटीत चढल्या चढल्या उतरून परत दुकानात जावंसं वाटलं होतं, ते... ते खरं होतं की त्याच्या उलटं? कुणाला विचारू? विचारायला ज्याच्याकडे जायचं तो आपला आपणच, आणि त्याच्या शब्दावर तर माझा कधीच विश्वास नव्हता.

ऋतुजा डबा मिटत म्हणाली, "ए, पण तू ते मधलं कसं केलंस? आडवे वाटे जातात ते? मला समजावून सांग ना. मी नुसतं ग्रुपवरून उतरवलंय."

शिवलीलाने तिच्याकडे बघितलं. ऋतुजा, जिचे कागद दर आठवड्याला सगळ्यांत आधी जातात. चेष्टा नव्हती ती, विचारत होती. तिने जमिनीवर काडीने चौकोन काढला आणि सांगायला लागली, आणि सांगताना दर वाक्याशी एक आवाज आतून म्हणत होता, हे उलटं असेल, हे उलटं असेल. ऋतुजा म्हणाली, "अच्छा, असं होय," आणि तिला खरंच कळल्यासारखं दिसलं. शिवलीलाला रडू आलं ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

दुपारी तिने आपणहून घरी फोन लावला. "झालं अव्वा." आईने फोन तोंडापासून दूर करून दुकानात सांगितलं, "आतंत नोडरी!" — झालं म्हणे, बघा — आणि मग फोनवर अप्पा आले, जे फोनवर कधी येत नाहीत.

"निघतंय न्हवं मग?"

"निघतंय, अप्पा."

"बरं हाय. मग म्होरच्या वर्साचं बी बघू." मग, "जेव नीट."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढचं वर्ष. तिने मागितलं होतं ते मिळालं, आणि ते हातात घेऊन ती बसस्टॉपच्या तापलेल्या पत्र्याखाली उभी राहिली. अप्पांनी तिच्या शब्दावर दिलं होतं. तिच्या शब्दाला काय अर्थ आहे हे अप्पांना माहीत नव्हतं, आणि तिलाही नव्हतं.

परतीची बस रिकामी होती. सरांनी जाता जाता नवा कागद दिला होता. ती तो बॅगेतच ठेवणार होती, नेहमीसारखा, शनिवारी बघू म्हणून. पण हात गेला. पहिलं गणित: एक लांब सरळ तार, कागदावर उभी काढलेली, प्रवाह खालून वर, तारेच्या उजव्या बाजूला क्षेत्र कुठल्या दिशेला? एवढंच. बाळबोध. असलं गणित वर्गात कुणी सोडवत नाही, नुसतं बघून लिहितात. तिने हात वर केला. कुठला, हे बघितलं, पुन्हा बघितलं. समोरच्या बाकावरची बाई पिशवी मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत होती, ही पोरगी बसमध्ये हवेत काय पकडते म्हणून. बघू दे. अंगठा तारेसारखा उभा, बोटं वळली, आणि उजव्या बाजूने कागदाच्या आत गेली. आत. तिने लिहिलं: आत.

पेन तिथेच राहिलं. आता नेहमीप्रमाणे ते खोडायचं आणि बाहेर लिहायचं, एवढंच बाकी होतं. बोटांना सवय होती, ती निघालीच होती. बस केगावच्या पुढे खड्ड्यात आदळली आणि शाईचा एक बारीक ठिपका त्या शब्दाशेजारी उमटला. आत. तिने ओढणीने मानेवरचा घाम पुसला. तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं की हे चूक आहे, आणि आज दुपारपासून त्या वाटण्यालाही काही किंमत राहिली नव्हती. मग काय धरायचं? हात तर समोर होता. हाताने सांगितलं होतं.

आणि हे बरोबर असेल तर?

शहर जवळ येत चाललं, माणसं चढू लागली, शेजारी कुणी येऊन बसलं तशी तिने बॅग मांडीवर घेतली, पण कागद मिटला नाही. चुकलेलं असेल तर काय करायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं. बरोबर असेल तर काय करायचं, हे तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.